चाक न खोलताच चार व्हील सिलिंडर 'बदलले': १६,८५० रुपयांचा चुना

जुनी गाडी ठेवणाऱ्यांनो, वाचा आणि गावातल्या दुसऱ्यालाही दाखवा. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. वडिलांची १९८४ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ अजून चालवतो. हौस म्हणा, खाज म्हणा. दिवाळीनंतर ब्रेक ऑइल कमी व्हायला लागलं. डबी भरली की चार दिवस बरं, मग पुन्हा पायडल तळाला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यात आमच्या गाडीला ब्रेक ऑइलची लाइन एकच. कुठेही गळलं की सगळेच ब्रेक गेले समजा.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याचं नाव मोठं. बोनेट उघडलं, पायडल दोनदा दाबलं आणि लगेच निदान: "कायले टेन्शन घेता भाऊ, मास्टर गेलं. आता चारही सिलिंडर बदलूनच टाका, नाहीतर पुन्हा याच लागते." मास्टर म्हणजे पायडल दाबलं की ऑइल ढकलणारं मुख्य सिलिंडर, आणि बाकीचे चाकांतले, ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर. खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. ओरिजिनल माल नागपूरहून मागवायचा म्हणून ९,००० ॲडव्हान्स, तोही भाच्याच्या नंबरवर.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा चिठ्ठी हातात दिली. मास्टर सिलिंडर ५,२००, व्हील सिलिंडर चार नग ४,६००, पाइप सेट २,४००, ब्रेक ऑइल ६५०, मजुरी ४,०००. एकूण १६,८५०. ना छापील बिल, ना जीएसटी. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात गेले.

आणि इथेच, इथेच माझी नजर मागच्या डाव्या चाकावर गेली होती! त्या चाकाची कॅप कधीचीच हरवली आहे, नट उघडेच असतात. नटांवर आमच्या शेतातल्या काळ्या मातीचा वाळलेला पोपडा जसाच्या तसा, त्यात पराटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडीही अडकलेली. पाना लागला असता तर तो पोपडा राहिला असता का? चाक काढल्याशिवाय ड्रम निघत नाही, आणि ड्रम काढल्याशिवाय व्हील सिलिंडर कसलं बदलतो हा? मी ते पाहिलं, डोक्यात काहीतरी टोचलंही. पण अंधार पडत आला होता, पायडल दगडासारखं कडक लागत होतं, आणि चारचौघांत "चाक खोलून दाखवा" म्हणणं जड जातं. तुम्हीही म्हणाला नसता. कडक पायडलवर भुलू नका. एअर काढून नवं ऑइल भरलं की कुठलंही पायडल थोडे दिवस कडक लागतं.

पंधरवडाही गेला नाही. नाल्याच्या उतारावर पुढे कापसाची बंडी, आणि माझा पाय थेट तळाला. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, म्हणून वाचलो.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी आधी चारही टायरची आतली बाजू हाताने चाचपली. मागचं डावं ओलं. ड्रम काढला, सिलिंडरचा रबरी बूट मागे सारला तर आतून ऑइलच ओघळलं. लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे, चिंब. रबर किट १८०, लायनर ६००, मजुरी ४००. संपलं. आणि ते 'नवं' मास्टर? बोट फिरवलं तर चंदेरी रंग बोटाला आला. जुन्यालाच रंग फासलेला. ब्रेक ऑइल रंग खातं एवढंही त्या लबाडाला ठाऊक नसावं, किंवा आपल्याला ठाऊक नसेल याची खात्री असावी.

गळती घरीही सापडते. सगळं फडक्याने कोरडं पुसा, खाली पुठ्ठा टाका, कुणाला तरी पायडल दाबून धरायला सांगा आणि चाकांची आतली बाजू, होज पाइप, जॉइंट पाहा. पाण्याने धुतलं जाईल ते ब्रेक ऑइल, चिकट राहील ते गिअरचं.

ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे, बिल कुठाय?" बिल दिलंच नाही हीच तर तक्रार! साहेब बंदोबस्तावर, उद्या या. उद्या गेलो तर जमादार विचारतात, एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला? फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, मी त्यांना सांगायचं? परिवहन कार्यालयात म्हणाले गॅरेज आमच्याकडे येत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाला हॉर्न नीट वाजत नाही म्हणून परत पाठवणारे हेच! ब्रेक न लावता ब्रेकचे पैसे घेणारा मात्र कुणाच्याच कक्षेत येत नाही. अर्ज द्या, पण शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मला पोच मिळवायलाच भांडावं लागलं.

आता ग्राहक आयोगात टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. हाताची चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, रंगवलेलं मास्टर, सगळं जपून ठेवलंय. रोख दिले असते तर एवढंही हाती नसतं.

परवा त्याच गॅरेजसमोर एक पांढरी पद्मिनी गाडी उभी दिसली, बोनेट उघडं. मालक ओळखीचे असतील तर आजच फोन करा. चाक समोर उभं राहून खोलून घ्या म्हणावं, आणि जुने पार्ट पिशवीत घातल्याशिवाय पैसे देऊ नका.