अर्थशास्त्राची सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करावी की वादांपासून?

अर्थशास्त्रात नव्याने शिरणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. मागणी-पुरवठ्यापासून राष्ट्रीय उत्पन्नापर्यंत नेणारे एखादे जाडजूड पाठ्यपुस्तक घेऊन ते क्रमाने संपवायचे, ही पहिली. आणि एखादा गाजलेला वाद निवडून त्यातल्या दोन्ही बाजू मुळातून वाचायच्या, ही दुसरी. पुण्यात शिकत असताना मी पहिल्या वाटेने दोन वर्षे चाललो आणि मग दुसरीकडे वळलो, त्यामुळे पुढील मत अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

पाठ्यपुस्तकाचे पारडे जेथे निःसंशय जड आहे, तेवढे आधी सांगतो. अर्थशास्त्रातील संकल्पना एकीवर एक रचलेल्या असतात आणि ही रचना वादांतून हाती लागत नाही. भारतातील लहान शेतजमिनींवरचा डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा निबंध मी प्रथम वाचला, तेव्हा शेत परवडणारे आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही, हे विधान मला नुसतेच चमकदार वाटले होते. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या परस्पर प्रमाणाचे प्रकरण पाठ्यपुस्तकात वाचल्यानंतरच, शेतीवरचे अतिरिक्त श्रम उद्योगांकडे वळवावेत हा त्यांचा निष्कर्ष त्या विधानातून कसा निघतो, ते उमगले. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर दुसऱ्या वाटेचा विचारही करू नये.

माझे बिनसले ते मात्र एका आकड्यावरून. दारिद्र्यरेषेच्या व्याख्येत ग्रामीण भागासाठी दररोज दरडोई २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक असे छापलेले होते, आणि मी ते वहीत लाल शाईने चौकट आखून लिहिले होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, “चोवीसशेच का?” मी म्हणालो, “व्याख्याच तशी आहे, सर.” त्यांनी पुढे काही विचारले नाही, आणि तेच मला अधिक लागले. घरी येऊन ते प्रकरण पुन्हा चाळले, तर हे आकडे कुणी, कशाच्या आधारे ठरवले आणि ते कुणाला अमान्य होते, याचा त्यात मागमूस नव्हता.

आणि हे पुण्यात व्हावे! गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई २,२५० उष्मांक गृहीत धरले, १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी महिना १५ आणि शहरांसाठी साडेबावीस रुपये खर्चाची रेषा आखली, आणि सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी जनता तिच्याखाली असल्याचे मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा अशा मोजणीवर आक्षेप होता. माणसामाणसाच्या गरजेत फरक असतोच, पण एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत कमी-जास्त आहाराशी जुळवून घेते. म्हणून सरासरीऐवजी खालची मर्यादा धरली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ती धरली की कुपोषितांची संख्या बरीच खाली येते. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा दांडेकरांच्या उत्तराचा गाभा होता. सरासरी म्हणजे काय आणि ती कोठे फसवते, हे मला या वादाने जितके शिकवले तितके सांख्यिकीच्या तासांनी शिकवले नाही. अर्थात त्या तासांना माझी हजेरी किती होती, हा प्रश्न वेगळा.

या वाटेची गैरसोय म्हणजे वेळ. एकेका वादात महिना सहज जातो आणि मूळ लेखनाचे शंभर वर्षांपूर्वीचे इंग्रजी सुरुवातीला दमवते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३ साली उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणावर, म्हणजे देशात सोन्याची नाणी न वापरता परदेशी देण्यांसाठी रुपयाचा सोन्याशी दर स्थिर ठेवणाऱ्या पद्धतीवर, आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात टीका केली आहे, पण पन्नासेक पानांतच अडकल्यामुळे मला पाठ्यपुस्तकातील चलनाचे प्रकरण उघडावे लागले. तरीही मी तो ग्रंथ सोडला नाही, याचे कारण त्याची प्रस्तावना. ती त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे आणि आपल्याला लेखकाची बरीचशी टीका पटत नसल्याचे त्यांनी तिच्यातच सांगून टाकले आहे. रुपये किती काढले जातात यावर रुपयाची क्रयशक्ती अवलंबून असते, हा आंबेडकरांचा मुद्दा कळल्यापासून मला ‘चलनवाढ’ हा आपला रुळलेला शब्दही निष्पक्ष वाटेनासा झाला. त्यापेक्षा ‘भाववाढ’ बरा, कारण तो निदान कारण आधीच ठरवून टाकत नाही.

प्रत्येकाची शिकण्याची पद्धत निराळी असते, हे मान्य आहे. तरी हाताशी एक वर्ष असेल तर दांडेकर-सुखात्मे वादापासून आरंभ करावा आणि जेथे अडेल तेथेच पाठ्यपुस्तक उघडावे, असे मी सुचवेन. ते नवे कोरे घेण्याचीही गरज नाही. अप्पा बळवंत चौकात मिळालेली मागची आवृत्ती चालते. राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते तेवढे त्यातून वाचू नयेत.