ब्लॉक कोपॉलिमरचं मेम्ब्रेन: छिद्रं कोरायची, फुगवायची की ओतताना घडवायची?

ब्लॉक कोपॉलिमर मेम्ब्रेनवरचे, म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरांच्या जोडसाखळीपासून बनवलेल्या गाळण-पडद्यांवरचे, शोधनिबंध चाळले की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे तेच ते मोहक फोटो दिसतात: षट्कोनी मांडणीतली, जवळजवळ एकाच मापाची छिद्रं. फोटोवर भाळून पद्धत निवडू नका. छिद्र नेमकं कोणत्या पायरीवर उघडतं ते आधी पाहा. खर्च, वेळ आणि मिळणारं क्षेत्रफळ बहुतांशी तिथेच ठरतं.

कोरणं, फुगवणं आणि ओतताना घडवणं या तिन्ही पद्धतींत मूळ तत्त्व सारखं आहे. एकमेकांत न मिसळणारे दोन पॉलिमर एकाच साखळीत रासायनिक बंधाने जोडलेले असतात. त्यांना वेगळं व्हायचं असतं, पण बंधामुळे फार दूर जाता येत नाही, म्हणून काही दहा नॅनोमीटरच्या मापावर त्यांची आपोआप नियमित रचना होते. एक घटक साधारण २० ते ३० टक्के असेल तर त्याचे दंडगोल तयार होतात. साखळी लांब केली की दंडगोल जाड होतो, म्हणजे छिद्राचं माप संश्लेषणातच ठरवता येतं.

कोरण्याची पद्धत सर्वांत जुनी. पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) यांच्या जोडीत अतिनील किरणांनी पीएमएमए तोडून अ‍ॅसेटिक आम्लाने धुऊन काढतात. पीएमएमएऐवजी पॉलिलॅक्टाइड असेल तर सौम्य अल्कली पुरते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात यावर बरंच काम झालं. छिद्रं सरळ आणि मापाला पक्की येतात. २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने अशा पातळ थराने सुमारे ३० नॅनोमीटरचा ऱ्हायनोव्हायरस (सर्दीचा विषाणू) गाळून दाखवला. अडचण क्षेत्रफळाची आहे. दंडगोल उभे राहावेत म्हणून पृष्ठभागाची खास तयारी लागते, थर अतिशय पातळ ठेवावा लागतो आणि मग तो उचलून आधाराच्या मेम्ब्रेनवर चढवावा लागतो. प्रबंधासाठी ठीक, पण चौरस मीटरच्या गोष्टी करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

फुगवण्याची पद्धत मला वाटतं उगाच मागे राहिली आहे. चीनमधल्या नानजिंगच्या योंग वांग यांच्या गटाने ती पुढे नेली. पॉलिस्टायरीन आणि पॉली-२-व्हिनाइलपिरिडीन यांचा थर गरम इथेनॉलमध्ये काही तास ठेवायचा. पिरिडीनचा भाग फुगतो, पॉलिस्टायरीन फक्त थोडं मऊ होऊन जागा देतं. वाळवल्यावर फुगलेल्या साखळ्या भिंतींना चिकटून बसतात आणि मधली जागा रिकामी राहते. काहीच विरघळवून काढलेलं नसतं, त्यामुळे पॉलिमर वाया जात नाही. शिवाय पॉलिसल्फोन आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या जोडीवरही हे चालतं. ती साध्या संघनन बहुलकीकरणाने (छोटे रेणू एकमेकांना जोडत साखळी बनवून) बनते आणि भिंतींवर पाण्याची ओढ असलेला थर आयता मिळतो, म्हणून प्रथिनं कमी चिकटतात. मात्र छिद्रं बहुधा वाकडीतिकडी, एकमेकांत गुंतलेली असतात. फोटोतली षट्कोनी शिस्त शोधू नका.

तिसरी पद्धत सगळ्यांत जास्त चर्चेतली, आणि नवख्याला सगळ्यांत जास्त रडवणारी. २००७ मध्ये जर्मनीतल्या गेस्टहाख्टच्या संस्थेत पाइनेमान, आबेट्झ आणि सिमॉन यांनी ती मांडली. पॉलिस्टायरीन आणि पॉली-४-व्हिनाइलपिरिडीन यांचं दाट द्रावण, उदाहरणार्थ टेट्राहायड्रोफ्युरान आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकांच्या मिश्रणात, काचेवर पात्याने पसरायचं, काही सेकंद उघडं ठेवायचं आणि पाण्यात बुडवायचं. वर टेट्राहायड्रोफ्युरान झपाट्याने उडून जातं, द्रावण वर जास्त दाट आणि खाली कमी दाट होतं आणि दंडगोल वरून खाली उभे वाढतात. पाणी लागताच ती रचना जागीच गोठते. खालचा भाग नेहमीच्या मेम्ब्रेनसारखा स्पंजी बनतो, म्हणजे पातळ गाळणारा थर आणि त्याचा आधार एकाच ओतण्यात तयार. नेहमीच्या पीईएस (पॉलिइथरसल्फोन) मेम्ब्रेनच्या यंत्रांवर थोड्या बदलाने हे बसवता येतं, हीच त्याची खरी ताकद.

पण त्या काही सेकंदांतच सगळं दडलंय. लवकर बुडवलं तर रचना विस्कळीत, उशीर झाला तर छिद्रं हरवतात. तापमान आणि हवेतला ओलावाही छळतो. डीएमएफ पाणी ओढून घेतं, त्यामुळे मुंबईत जुलैमध्ये काम करणाऱ्याने आर्द्रता नियंत्रित पेटीची सोय आधी करावी. मॅग्नेशियम अ‍ॅसेटेटसारखं क्षार किंचित घातल्यास रचना सावरायला मदत होते. आणखी एक गोष्ट: आम्लात पिरिडीनला प्रोटॉन जोडला जातो, साखळ्या फुगून छिद्रं आवळतात आणि पाण्याचा प्रवाह पडतो. कुणाला हा झडपेसारखा गुण वाटतो. ठरावीक माप हवं असणाऱ्याला मात्र ती डोकेदुखी. या जोडीचा पॉलिमरही महाग, कारण तो सहसा अ‍ॅनायनिक बहुलकीकरणाने (ऋणभारित टोकावर साखळी वाढवत), ओलावा आणि ऑक्सिजन पूर्ण वगळून बनवावा लागतो. पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने तिसरा, रबरी पॉलिआयसोप्रीनचा ब्लॉक जोडून त्यावर तोड काढली.

पिण्याचं पाणी गाळायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका. तिथे छिद्रांच्या मापातली थोडी विविधता चालते आणि पीईएस किंवा पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनायलिडीन फ्लोराइड) स्वस्तात काम भागवतं. एकसारख्या छिद्रांची किंमत वसूल होते ती औषधनिर्मितीत: सुमारे १० नॅनोमीटरची अँटिबॉडी (प्रतिपिंड) जाऊ द्यायची आणि सुमारे २० नॅनोमीटरचा पार्व्होव्हायरस अडवायचा, अशा ठिकाणी. पण तिथे जपानी कंपनी आसाही कासेईचं प्लानोव्हा हे सेल्युलोजचं विषाणू-गाळण मेम्ब्रेन १९८९ पासून बाजारात आहे. विषाणू हजारोंच्या पटीत कमी झाल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि एक फाटका कोपराही तो पुरावा बुडवतो.

माझी शिफारस: हातात पहिल्यांदाच पॉलिमर आला असेल तर फुगवण्यापासून सुरुवात करा, चुकलं तरी थोडकं इथेनॉल जाईल. क्षेत्रफळ आणि प्रवाह दोन्ही हवे असतील आणि पॉलिमर पुरवणारा भरवशाचा असेल तरच ओतण्याच्या पद्धतीकडे वळा, तेही डीएमएफसाठी धूर शोषणारी पेटी लावून, कारण ते प्रजननासाठी घातक ठरलेलं द्रावक आहे. कोणतीही पद्धत घेतली तरी फोटो काढण्याआधी ज्ञात मापाच्या डेक्स्ट्रानने (शर्करेच्या लांब साखळीचा रेणू) अडवणूक, म्हणजे मेम्ब्रेन किती रेणू अडवतं ते, मोजा. सूक्ष्मदर्शकाला दिसतो तो काही मायक्रोमीटरचा तुकडा. गळती मात्र सगळ्या मेम्ब्रेनची मोजावी लागते.