संचार साथी, चक्षू आणि १९३०: कुठलं दार कधी ठोठावायचं

फसवणुकीचा मेसेज आला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. तो डिलीट होतो, नाहीतर 'सावध राहा' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे जातो. ज्या नंबरवरून तो आला, तो नंबर मात्र चालूच राहतो आणि दुपारपर्यंत आणखी शेकडो लोकांना तोच मेसेज गेलेला असतो. त्या नंबराची खबर देण्यासाठी दूरसंचार विभागाने सोय केली आहे, तिचं नाव संचार साथी. वेबसाइट मे २०२३ मध्ये आली, तिच्यातली 'चक्षू' ही तक्रारखिडकी मार्च २०२४ मध्ये आणि मोबाइल ॲप जानेवारी २०२५ मध्ये.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सेवा चांगली आहे, फुकट आहे आणि वापरावी अशीच आहे. पण ती पैसे जाण्याआधीची सेवा आहे. खात्यातून एक रुपया जरी गेला असेल तर चक्षू उघडूच नका, थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. ही गल्लत फार लोक करतात. चक्षूवर नीट फॉर्म भरतात, स्क्रीनशॉट जोडतात, समाधानाने झोपतात आणि तेवढ्या वेळात पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात. चक्षूच्या पानावर तसा इशारा लिहिलेला आहे, पण घाबरलेला माणूस तो वाचत नाही.

चक्षूवर तक्रार करायला पाचेक मिनिटं लागतात. आधी फोन, एसएमएस की व्हॉट्सॲप ते निवडायचं. मग प्रकार: बँक, वीज, गॅस किंवा विम्याच्या केवायसीच्या नावाने आलेला, सरकारी अधिकारी किंवा नातेवाईक असल्याचं भासवणारा, खोटा कस्टमर केअर, नोकरी-लॉटरी-कर्जाचं आमिष वगैरे. त्यानंतर समोरचा नंबर, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट, दोन ओळींचं वर्णन, शेवटी आपलं नाव आणि ओटीपी. मेसेज गेल्या ३० दिवसांतला हवा, म्हणून 'निवांत करू' म्हणून ठेवू नका.

इथे एक बारीक चूक नेहमी होते. व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटमध्ये वर नाव आणि फोटो दिसतो, नंबर दिसतोच असं नाही. कुणीतरी पोलिसांचं बोधचिन्ह लावलेलं असतं आणि खाली संभाषण असतं. असा स्क्रीनशॉट फार उपयोगाचा नाही. वरच्या नावावर बोट दाबलं की पूर्ण नंबर दिसतो, त्या पानाचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. आणि हे सगळं ब्लॉक करण्याआधी. ब्लॉक करताना चॅटही उडाली, तर हातात काहीच उरत नाही.

तक्रारीनंतर संशयित नंबराची पुन्हा पडताळणी होते आणि त्यात तो टिकला नाही तर बंद होतो. याचा अर्थ तुम्ही सकाळी कळवलं आणि संध्याकाळी नंबर बंद, असं नाही. तुमची तक्रार त्या नंबराविरुद्धच्या बाकीच्या खुणांमध्ये जमा होते. गेलेले पैसे ती परत आणत नाही. ईमेलसाठीही चक्षूचा फारसा उपयोग नाही, कारण तिचा सगळा सांगाडा फोन आणि मेसेजभोवती उभा आहे.

आता ॲप की वेबसाइट. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासून टाकण्याचा आदेश निघाला होता. त्यावर बराच गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. त्यामुळे ॲप घ्यायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. अँड्रॉइडवर ते फोन, मेसेज, कॉल-नोंदी, कॅमेरा आणि फाइल्स अशा बऱ्याच परवानग्या मागतं. त्यामागे कारणं आहेत, जसं नोंदींमधून नंबर थेट उचलता यावा किंवा फोनच्या खोक्यावरचा बारकोड स्कॅन करता यावा. तरीही ज्यांना हे नको वाटतं त्यांनी वेबसाइट वापरावी. ओटीपीवर सगळं काम होतं. पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवट 'गव्ह डॉट इन' असाच आहे ना ते बघा. 'तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, नऊ दाबा' असं सांगणारा फोन दूरसंचार विभागाचा कधीच नसतो.

चक्षूवर कळवायचा मेसेज ओळखायचा कसा, तर आधी मजकूर सोडा आणि पाठवणाऱ्याकडे बघा. बँका, वीज कंपन्या, सरकारी खाती यांचे एसएमएस दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, सहा अक्षरी हेडरवरून, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या नोंदणीकृत अक्षरांवरून येतात. २०२५ पासून त्या हेडरच्या शेवटी एक अक्षरही असतं: जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी मेसेजसाठी जी. म्हणजे 'खातं बंद होईल' असं सांगणाऱ्या मेसेजच्या शेवटी पी असेल, तर तिथेच थांबा.

'आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, मागील बिल अपडेट नाही, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा.' हा मेसेज किती घरांत आला असेल याची गणती नाही. महावितरणच्या हेडरमध्ये एमएसईडीसीएल ही अक्षरं असतात, हा येतो साध्या मोबाइल नंबरवरून. वेळ मुद्दाम रात्रीची, कारण तेव्हा कार्यालय बंद असतं आणि खात्री करायला कुणी भेटत नाही. बिलाची रक्कम नसते, ग्राहक क्रमांक नसतो, कारण पाठवणाऱ्याला तो माहीतच नाही. आणि फोन केला की तो 'फक्त दहा रुपये भरा' म्हणतो. त्याचा डोळा त्या दहा रुपयांवर नसतो. ते भरताना तुम्ही जे टाइप करता ते त्याने उतरवायला लावलेल्या स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपमधून त्याला वाचायचं असतं.

हेडर बरोबर दिसला म्हणजे मेसेज खरा, असंही धरून चालू नका. गैरवापर झालेले काही हेडर दूरसंचार विभागाला काळ्या यादीत टाकावे लागले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमध्ये आधी नोंदवलेल्या लिंकच पाठवता येतात, म्हणून चोरांचा मुक्काम आता व्हॉट्सॲपवर जास्त आहे आणि तिथे हेडर हा प्रकारच नाही.

लिंक तपासताना सुरुवातीचं 'https://' सोडून पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपासून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा शेवट बँकांनाच मिळतो. पण 'बँक डॉट इन' हे शब्द पत्त्याच्या मध्ये आणि शेवटी भलतंच काही असेल, तर ती साइट त्या भलत्याची. ईमेललाही हीच कसोटी. दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, ॲट-चिन्हानंतरचा भाग वाचा.

यूपीआयबद्दल एकच ओळ पुरे: पैसे मिळवायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कुठल्याही भारतीय कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर कितीही कडक गणवेश दिसो.

मेसेजसोबत आलेली एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल) उघडली गेली असेल, मग ती वाहतूक दंडाची पावती असो की लग्नाची पत्रिका, तर पहिली कृती म्हणजे विमान मोड. अशी ॲप आपल्या मेसेजमधले ओटीपी वाचून बाहेर पाठवतात, म्हणून आधी त्यांचं इंटरनेट तोडायचं. वायफायही बंद झालंय ना ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' यादीतून त्या ॲपचा अधिकार काढा आणि मगच ते काढून टाका. अधिकार न काढता काढायला गेलं की ते निघत नाही, आणि लोक हताश होऊन तसंच सोडून देतात.

१९३० कडे वळू. ही हेल्पलाइन गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा भाग आहे आणि फोन आपापल्या राज्याच्या पोलिसांकडे जातो. तिची खरी ताकद वेगात आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. शिल्लक असेल तरच. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे मिनिटामिनिटाला पुढे सरकवले जातात, म्हणून सोमवारी शाखा उघडेपर्यंत थांबणं म्हणजे रक्कम हातची घालवणं.

फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या: आपल्या बँकेचं नाव आणि खातं, प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहाराची ओळख सांगणारा) क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, समोरचा नंबर किंवा यूपीआय आयडी. प्रत्येक व्यवहाराचा, हे महत्त्वाचं. पाच वेळा पैसे गेले असतील आणि तुम्ही फक्त बेरीज सांगितलीत, तर माग लागत नाही, कारण ते पाच वेगळ्या खात्यांत गेलेले असू शकतात. नोंद झाली की एसएमएसने पावती क्रमांक येतो. मग २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. हा दुसरा टप्पा पुष्कळ जण विसरतात. लाइन लागत नसेल तर पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका, सरळ पोर्टलवर आर्थिक फसवणुकीचा फॉर्म भरा. आपल्या बँकेला वेगळं कळवायचंच आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तिथेही घड्याळच.

संचार साथीमधली आम्हाला सगळ्यात आवडलेली सोय मात्र चक्षू नव्हे. 'तुमच्या नावावर किती सिम आहेत' हे दाखवणारं पान आधी उघडा. एका माणसाच्या नावावर बहुतेक राज्यांत ९ सिम चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' असं कळवता येतं, जुना नको असलेला असेल तर 'गरज नाही'. घाई करू नका. घरात आईचं, मुलीचं सिम वडिलांच्या नावावर असतं, आणि 'माझा नाही' दाबलं की तोच नंबर पडताळणीत अडकतो. आधी सगळ्यांचे नंबर समोर ठेवून एकेक जुळवा.

हरवलेला फोन बंद करण्याची सोयही उपयोगी आहे. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो *#०६# दाबून आजच लिहून ठेवा, फोन गेल्यावर ते दाबायला फोन नसतो.

एक शेवटचा धोका तक्रारीनंतरचा. हवालदिल माणूस समाजमाध्यमावर पोलिसांना टॅग करून पावती क्रमांकासकट सगळी हकिगत लिहितो, आणि तासाभरात 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन येतो. १९३० कुठलंही शुल्क घेत नाही. असा फोन आला तर तोही नंबर आणि वेळ टिपून ठेवा. पैसे दिले नसतील तर तो चक्षूवर कळवायचा.