ग्लेन्को, पायी पायी: तीन दिवसांच्या गाईडेड वॉकबद्दल

लेक ग्लासगोला नोकरीला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, तर तिने ग्लेन्को या स्कॉटलंडमधल्या डोंगराळ खोऱ्याकडच्या वॉकचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. तीन दिवस, दोन मुक्काम, आठ जणांचा गट, एक गाईड, आणि पहायचं ते सगळं चालत. स्कॉटलंडचा इतिहास, तिथल्या लोककथा आणि डोंगरदऱ्या असे एकत्र दाखवणारे वॉक तिकडे पुष्कळ निघतात. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि सह्याद्रीत चालतेय ती त्याच्याही आधीपासून. त्यामुळे अशा गोष्टींकडून माझ्या अपेक्षा जास्त असतात. माणशी ४३० पाउंड ही काही लहान रक्कम नाही, म्हणून काय आवडलं आणि कुठे कमी पडलं ते सविस्तर लिहिते.

आधी एडिंबराचं सांगायला हवं, कारण फरक तिथूनच कळला. दोनच दिवस आधी आम्ही तिथे रात्रीचा भुताखेतांचा एक वॉक घेतला होता. तीसेक माणसं, काळ्या झग्यातला गाईड, मागे उभं राहणाऱ्याला निम्मं ऐकू येत नाही. रॉयल माईल या जुन्या रस्त्यावर उभं राहून त्याने मेरी किंग्ज क्लोज या बोळाची गोष्ट सांगितली, की १६४५ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांना आत कोंडून बोळाची तोंडं विटांनी बंद केली आणि ती माणसं तशीच मेली. ऐकताना अंगावर काटा येतो, पण असं घडलेलं नाही. आजाऱ्यांना घरात वेगळं ठेवत, त्यांना खाणंपिणं पोचवत. बोळ झाकला गेला तो शंभरेक वर्षांनी, १७५३ पासून त्याच्यावर रॉयल एक्स्चेंजची इमारत उभी राहू लागली तेव्हा. मी नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, लोकांना हेच ऐकायचं असतं. मला त्याचा राग आला, अजूनही आहे. खरोखर मेलेल्या माणसांची गोष्ट सांगताना एवढी तरी जबाबदारी घ्यायला हवी.

ग्लेन्कोच्या वॉकची गाईड पन्नाशीची होती, हेब्रिडीजमधल्या एका बेटावर वाढलेली, गेलिक तिची घरची भाषा. गाडीत बसल्याबसल्या तिने आम्हाला सांगून टाकलं, ‘मी दोन प्रकारे बोलणार. कागदावर आहे ते, आणि लोक सांगतात ते. कुठलं कुठलं ते दर वेळी सांगेन.’ तीन दिवस तिने हा शब्द पाळला. माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

पहिला दिवस अ‍ॅबरफॉइलचा. गावाच्या जुन्या चर्चच्या दारात लोखंडाचे दोन अजस्र साचे पडलेत, शवपेटीच्या आकाराचे. मला वाटलं, कुणा सरदाराच्या थडग्याचे भाग असावेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्राच्या वर्गांसाठी प्रेतं चोरून विकायचा धंदा चालायचा. पुरलेलं माणूस कुणी उकरून नेऊ नये म्हणून हे धूड काही आठवडे शवपेटीवर ठेवत, मग काढून पुढच्यासाठी वापरत. अशा वर्गांना प्रेतं कायदेशीर मिळवून देणाऱ्या १८३२ च्या कायद्यानंतर त्याची गरज उरली नाही. मी त्या लोखंडावर हात ठेवला. पावसाने ते गार पडलं होतं आणि कडेला गंजाचे पापुद्रे सुटले होते. असं काही पुस्तकात वाचून कळत नाही.

याच चर्चच्या आवारात रॉबर्ट कर्कची कबर आहे. कागदावर काय आहे? तो इथला धर्मगुरू. त्याने केलेली स्तोत्रांची गेलिक आवृत्ती १६८४ मध्ये छापली गेली. पुढे परीलोकाबद्दल गावकऱ्यांकडून ऐकलेलं सगळं त्याने हस्तलिखितात नोंदवून ठेवलं आणि १६९२ च्या मे महिन्यात तो वारला. परी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पंख येतात. तिकडच्या ह्या मंडळींची जात निराळी, आपल्या साती आसरांच्या जवळची. त्यांची जागा ठरलेली असते, तिथे आगळीक करायची नाही, आणि उल्लेख करायचाच तर ‘भली मंडळी’ म्हणायचं.

मग आम्ही डून हिलकडे निघालो. टेकडी छोटी, पण ओकच्या झाडीतून वर जाणारी वाट ओल्या पानांनी निसरडी झालेली. लोक सांगतात की कर्क इथेच फिरताना कोसळला, पण मेला नाही. त्यांची गुपितं लिहिली म्हणून भल्या मंडळींनी त्याला आत नेलं. पुढे तो एका नातलगाला दिसला आणि म्हणाला, माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी येईन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरी फेक, म्हणजे मी सुटेन. तो आला. त्याला पाहून नातलग थिजला आणि सुरी हातातच राहिली. ‘लोखंडापुढे त्यांचं चालत नाही,’ गाईड म्हणाली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या जन्माच्या वेळी माझ्या सासूबाईंनी उशाशी विळा ठेवला होता, ती गोष्ट तिने शंभरदा ऐकलीय. मी ती गाईडला सांगितली, तर तिने वही काढून ‘विळा’ हा शब्द लिहून घेतला.

टेकडीच्या माथ्यावर एक जुना पाइन आहे आणि आजूबाजूच्या फांद्यांना लोकांनी नवसाच्या चिंध्या, रिबिनी, चिठ्ठ्या बांधल्यात. एका कोवळ्या फांदीवर नायलॉनची जांभळी रिबीन इतकी करकचून बांधली होती की साल तिच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती. गाईड बोलता बोलता थांबली. हातमोजे काढून नखाने ती गाठ सोडवत बसली. पाचेक मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही. सोडवलेली रिबीन तिने झाडाच्या बुंध्याशी ठेवली, फेकली नाही. सुती चिंधी कुजते, मागणं मातीत जातं, नायलॉन मात्र झाडाचा गळा आवळतं, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्लेन्को. ए-८२ हा रस्ता रॅनक मूरची ओसाड पाणथळ जमीन ओलांडतो आणि समोर एकदम ब्युकल एटिव्ह मोर उभा राहतो. ब्युकल म्हणजे गुराखी. एटिव्ह खोऱ्याचा थोरला गुराखी. गेलिकमधली डोंगरांची नावं ऐकताना मला फार जवळचं वाटत होतं. ‘स्रोन’ म्हणजे नाक, डोंगराची पुढे आलेली धार. आपण तिलाच सोंड म्हणतो. ‘बॅलख’ म्हणजे खिंड. आणि ‘कोरी’, डोंगराच्या पोटातला बर्फाने कोरलेला खळगा, त्या शब्दाचा अर्थ चक्क कढई. त्यातही गंमत अशी की अख्खं ग्लेन्को ही एक जुनी कढई आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीचं छप्पर आत खचलं. प्राचीन खडकांत असं खचणं कसं ओळखायचं, हे १९०९ मध्ये भूवैज्ञानिकांनी याच खोऱ्यावरून मांडलं. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे यापुढे पोरच.

थ्री सिस्टर्स म्हणजे शेजारशेजारच्या तीन सोंडा; त्यांतल्या दोन सोंडांमधून कोरी गावलकडे चढायचं होतं. नदीवरचा छोटा पूल, मग घळीतून बर्च आणि रोवनच्या झाडांमधून चढ, पुढे घरांएवढाले दगड, काही ठिकाणी हात टेकून. आणि वर पोचल्यावर अचानक सपाट मैदान. दरडीने दरीचं तोंड बुजलं, मागे गाळ साचला, त्याचं हे मैदान. ओढा गोट्यांखालून वाहतो, ऐकू येतो पण दिसत नाही. ग्लेन्कोत राहणाऱ्या मॅकडॉनल्ड घराण्याचे लोक पळवून आणलेली गुरं इथे दडवत. नावाचाच अर्थ लुटीची कढई असा होतो.

इथे तिने १६९२ ची ग्लेन्कोची कत्तल सांगितली. सगळ्यांना दगडांवर बसवलं, थर्मासमधून चहा दिला, आणि मग. राजा विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायची मुदत होती १ जानेवारी. ग्लेन्कोचा म्हातारा प्रमुख मॅकइअन शेवटच्या दिवशी फोर्ट विल्यमला पोचला, तर तिथला अधिकारी म्हणाला, हा अधिकार माझा नाही, इनव्हरेरीला जा. बर्फातून तिथे पोचून शपथ होईपर्यंत ६ जानेवारी उजाडली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास सरकारी सैनिक खोऱ्यात आले, मॅकडॉनल्डांच्याच घरांत उतरले, बारा दिवस त्यांचंच खाऊन राहिले. १३ तारखेला पहाटे पाच वाजता हुकमाप्रमाणे यजमानांवर तुटून पडले. अडतीसेक माणसं मारली गेली. त्याखेरीज कितीतरी बायकामुलं हिमवादळात गारठून मेली. काही जण याच दरीतून वर पळाले, हे लोक सांगतात.

मला सगळ्यात पटलं ते यानंतरचं. कॅम्पबेल विरुद्ध मॅकडॉनल्ड असं घराण्यांचं वैर म्हणून ही गोष्ट विकली जाते, खोऱ्यातल्या पबच्या दारावरही ‘कॅम्पबेलांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. ती म्हणाली, सैनिकांचा कप्तान कॅम्पबेल होता हे खरं, पण सैनिकांपैकी थोडेच त्या आडनावाचे होते, आणि हुकूम निघाला तो सरकारातून. ते वैर म्हणून सांगितलं की सरकार सुटतं. १६९५ च्या चौकशीत याला खून म्हटलं गेलं, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. स्कॉटिश कायद्यात घरी विश्वासाने राहून केलेला खून हा साध्या खुनाहून मोठा गुन्हा मानत.

मग ती म्हणाली, ‘आता मी दहा मिनिटं बोलणार नाही.’ आणि खरंच बोलली नाही. आम्ही सगळे तिथे बसून राहिलो. वरच्या धारेवरून सांबरासारख्या मोठ्या हरणाची डुरकी ऐकू येत होती. ऑक्टोबर हा त्यांच्या माजाचा महिना. खालून दुसऱ्याने उत्तर दिलं. ढग इतके खाली आले की समोरची भिंत निम्मी पुसली गेली. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते मी वर्गात कधी पोचवू शकले नव्हते.

उतरून गावात आल्यावर १८८३ चा स्मारकाचा क्रॉस पाहिला. एका सैनिकाबद्दल लोक सांगतात, त्याला हुकूम कळला होता पण फोडायची बंदी होती. म्हणून आदल्या संध्याकाळी यजमानांसमोर तो एका मोठ्या दगडाशी बोलला: दगडा, आज रात्री काय होणार हे तुला कळलं असतं, तर तू इथे पडून राहिला नसतास. ज्यांना उमगलं ते निघून गेले.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. डेव्हिल्स स्टेअरकेस या अठराव्या शतकातल्या लष्करी वाटेने ५४८ मीटरवरच्या खिंडीत चढून किनलॉकलेव्हनला उतरलो, दहाएक किलोमीटर. १५४ किलोमीटरच्या वेस्ट हायलँड वे या पायवाटेचा हा सर्वांत उंच टप्पा. पाऊस आडवा होता आणि मागे वळून दिसणारा देखावा आम्हाला मिळाला नाही. वाटेत तिने ब्लॅकवॉटर धरणाच्या मजुरांच्या कबरींबद्दल सांगितलं, काहींवर नावाऐवजी फक्त ‘अज्ञात’ लिहिलंय म्हणे. त्या वाटेवर नाहीत, त्यामुळे पाहता आल्या नाहीत.

आता तक्रारी. वॉकच्या वर्णनात कोरी गावलची वाट ‘मध्यम’ लिहिली होती. ओल्या दगडावर हात टेकून चढायचं असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं. गटातल्या सत्तरीच्या एका आजोबांना पुलापासून परत फिरावं लागलं. त्यांची बायको वर आली, पण पूर्ण वेळ तिचं लक्ष खालीच होतं. आजोबांना गाडीत दोन-अडीच तास एकटं बसावं लागलं. त्यांच्यासाठी खाली नदीकाठी काही सोपी वाट सुचवता आली असती. गाईडचा दोष नाही, आखणी करणाऱ्यांचा आहे, आणि मी तसं त्यांना कळवलंय. दुसरं, शाकाहारी डबा म्हणून तिन्ही दिवस तेच चीज सँडविच. मुक्कामाच्या घरी मात्र नाश्त्याला ओट्स आणि डाळींचं शाकाहारी हॅगिस मिळालं, ते मी दोन्ही दिवस मागून खाल्लं.

जाणार असाल तर बूट घोट्यापर्यंतचे आणि खरोखर पाणी न शिरणारेच घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची बारीक चिलटं हैराण करतात असं सगळे सांगत होते, आम्हाला ऑक्टोबरमध्ये एकही दिसलं नाही. बुकिंग करताना गटात किती माणसं हे जरूर विचारा. आणि गाईड कोण हेही विचारा. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच कंपनीचा दुसरा गाईड असता तर मी हेच लिहिलं असतं का, हे सांगता येणार नाही.

लेकीने एप्रिलमधला कलोडनच्या रणभूमीवरचा एक दिवसाचा वॉक पाहून ठेवलाय. १६ एप्रिल १७४६ ला तासाभराच्या आत संपलेली ती लढाई. मेल करून विचारलं, गाईड कोण असेल. काल उत्तर आलं, तीच आहे. दोन जागा घेतल्या.