अंजिराच्या गुटीसाठी प्लॅस्टिकचे बॉल : पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

झाडावरच्याच फांदीची सहसा पट्टाभर साल काढून, तिथे ओलं मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) बांधायचं आणि मुळं फुटली की ती फांदी कापून लावायची, ही गुटी. ते मॉस फांदीभोवती धरायला दोन वाट्यांचे प्लॅस्टिकचे बॉल मिळतात. या बॉलचं आधी काय जात असेल तर ती बंद करायची फिरकी. दोन वाट्या मिटल्या, फिरकी आडवी केली, झालं. पावसाळाभर तक्रारीला जागा नव्हती. पण उन्हाळ्यात झाडावर राहिलेल्या बॉलचं प्लॅस्टिक कडक पडलं आणि उघडताना फिरकीचा तुकडाच हातात आला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही. पाकिटावर ‘पुन्हा पुन्हा वापरा’ असं ठळक छापलेलं आहे. जी वस्तू झाडावर टांगायचीच आहे ती एका उन्हाळ्यात कुडकुडीत होत असेल, तर ते छापू नये.

तरीही फिरकीपायी मी बॉल टाकाऊ ठरवणार नाही, कारण केबल टायने काम भागतं. खरा दोष बॉलच्या तोंडात आहे, आणि त्याबद्दल कुठे कुणी धड लिहिलेलं दिसत नाही.

तोंडाचं माप ठरलेलं असतं, फांदीचं नसतं. गुटीला घ्यायची ती मागच्या हंगामातली, हिरवी जाऊन करडी-तपकिरी झालेली, पेन्सिलपेक्षा जाड आणि अंगठ्यापेक्षा बारीक फांदी. तिच्याभोवती बॉल मिटला की वरच्या तोंडाशी फट राहतेच. मे महिन्यात त्या फटीतून वारा शिरतो आणि मॉस वरून सुकत येतं. जुलैत त्याच फटीतून फांदीवरून ओघळणारं पाणी आत उतरतं आणि तळाला साचतं. म्हणजे वरचा भाग कोरडा, खालचा चिखल. आता मुळं कुठे फुटतात ते आठवा : साल काढलेल्या पट्ट्याच्या वरच्या काठावर. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, कापापाशी अडतं, तिथे गाठ धरते आणि मुळं निघतात. बॉल नेमका तिथेच आधी सुकतो. मॉस ओलं दिसतंय आणि तरी मुळं नाहीत, ही तक्रार ज्यांची आहे त्यांनी बॉल उघडून वरच्या काठाजवळचं मॉस बोटाने चाचपून बघावं.

उपाय तीन आणि तिन्ही फुकटातले. पहिला, बॉल बांधताना पट्ट्याचा मध्य नव्हे तर पट्ट्याचा वरचा काठ बॉलच्या मधोमध आणा. दुसरा, सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी वरच्या तोंडाच्या जागी फांदीला इतकी गुंडाळा की बॉल मिटताना रबर दाबलं जाईल. तिसरा, खालच्या बाजूला सर्वांत खोल जागी तापवलेल्या दाभणाने २-३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. हे सगळं कारखान्यातच व्हायला हवं होतं. रबराची एक चकती द्यायला असा काय मोठा खर्च येतो?

मापाबद्दल एवढंच की ५ सेंटिमीटरचा बॉल घेऊच नका. बाहेरचा व्यास धरून हिशेब केला तरी त्यात जेमतेम ६५ मिलिलिटर जागा भरते, ८ सेंटिमीटरच्या बॉलमध्ये सुमारे २६८. व्यास दीडपटीच्या थोडा वर, पण मॉस चौपट. छोटा बॉल कडक उन्हात पाहता पाहता सुकतो, मोठा तग धरतो. १० सेंटिमीटरचा त्याहून बरा, पण ओल्या मॉसचं वजन बारीक फांदीला पेलत नाही. काठीचा आधार दिला नाही तर वाऱ्याच्या झोताने साल काढलेल्या जागीच फांदी मोडते.

इथेच माझं मत बदललं. सुरुवातीला साल काढणं मी अनिवार्य मानत होतो. डाळिंब, लिंबू, पेरू यांना ते हवंच. अंजिराची गोष्ट वेगळी आहे : साल न काढताही, डोळ्याजवळच्या (कोंब फुटतो त्या जागेजवळच्या) भागाला ओलं मॉस आणि अंधार मिळाला की मुळं फुटतात. मुळं थोडी उशिरा येतात आणि दाट नसतात, पण फांदी मोडत नाही, आणि मॉस मध्येच सुकलं तरी फांदी जिवंत राहते, पुन्हा ओलं करून काम पुढे नेता येतं. बारीक फांदीवर बॉल लावायचा असेल तर आता मी साल न काढण्याच्याच बाजूने आहे. फांदी अंगठ्याएवढी असेल आणि आधार देता येत असेल तर मात्र साल काढा : डोळ्याच्या लगेच खाली, २ ते २.५ सेंटिमीटरचा पट्टा, आणि आतला बुळबुळीत हिरवट थर चाकूच्या पाठीने खरवडून कोरडं लाकूड लागेपर्यंत साफ. तो थर राहिला की खालची-वरची साल पुन्हा जुळते आणि महिना फुकट जातो.

चिकाबद्दल गंभीरपणे सांगतो. साल काढल्या क्षणी पांढरा चीक वाहतो. तो त्वचेला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, डाग बरेच दिवस राहतात. हातमोजे घाला, काम संध्याकाळी करा, मुलांना जवळ उभं करू नका. चीक ओल्या फडक्याने दोन-तीनदा टिपून थांबला की मगच मॉस लावा. मुळं फुटायला मदत करणारी (रूटिंग) पावडर वापरायची असेल तर तीही चीक थांबल्यावर, वरच्या काठाला बोटाने हलकीशी. अंजिराला तिची फारशी गरज नाही, त्या पैशांत चांगलं मॉस घ्या.

मॉस अर्धा तास भिजवून घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब पडला नाही पाहिजे. कोकोपीट चालतं, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन, कारण त्यात मीठ असतं. आणि बॉल मिटताना मॉस हलकं भुरभुरू नका, दाबून भरा. पोकळ जागेत मुंग्या बिऱ्हाड करतात.

काही बॉलच्या आतल्या बाजूला मॉस धरून ठेवायला बारीक काटे असतात. लावताना ते छान वाटतात, पण उघडताना मुळं त्यांत गुंतलेली असतात. अंजिराची ताजी मुळं पांढरी आणि ठिसूळ असतात, वाटी ओढली की पेरभर मुळं काट्याला राहतात. वापरण्याआधीच काटे पकडीने मोडून टाका.

पारदर्शक बॉल की काळा? पारदर्शक घ्या आणि वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा काळं फडकं गुंडाळा. उघडा ठेवला तर आत ऊन तापतं, मॉसवर हिरवा थर चढतो. झाकलेला बॉल हवा तेव्हा उघडून बघता येतो. ऊबदार दिवसांत साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळं भिंतीला टेकलेली दिसतात. पांढरी असताना कापू नका. ती पिवळसर-तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटली की कापा.

आता खर्चाचा प्रश्न, कारण निर्णय तिथेच होतो. दुधाची पिशवी धुऊन उभी कापली, मॉसभोवती घट्ट गुंडाळली आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळली, तर कोणत्याही जाडीच्या फांदीला ती चपखल बसते. तोंडाशी फट नाही, वजन नाही, फिरकी नाही. मुळं दिसत नाहीत एवढाच तोटा, आणि पाणी कमी वाटलं तर इंजेक्शनच्या सुईने देता येतं. एक-दोन रोपं करायची असतील तर बॉलवर पैसे घालू नका. बॉलची खरी सोय एकच : उघडून बघता येतं, पाणी देऊन पुन्हा मिटता येतं. शिकणाऱ्याला ती सोय मोलाची आहे, सरावलेल्याला नाही. डझनावारी रोपं हवी असतील तर दोन्ही सोडा आणि छाटणीच्या फांद्यांचे फाटे (तुकडे) थेट मातीत लावा.

हंगाम चुकवू नका. जूनच्या पहिल्या पावसानंतर लगेच बांधा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पूना जातीच्या अंजिरावर तांबेरा (बुरशीचा रोग) येतो, पानं गळतात, आणि पानं नसलेली फांदी मुळांना अन्न कुठून देणार? बिया पेरून बघू म्हणणाऱ्यांसाठी : पूना अंजीर परागीभवनाशिवाय फळ धरतं, म्हणून बाल्कनीत एकटं झाडही फळतं, पण त्यातल्या बिया पोकळ असतात, उगवत नाहीत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर घरी हवं असेल तर फांदीच मिळवावी लागेल.

मातृवृक्ष नीट पारखा. पानांवर पिवळे-हिरवे अनियमित ठिपके, वेडीवाकडी पानं दिसली तर तो मोझॅक विषाणू असू शकतो आणि तो गुटीबरोबर नव्या रोपात जातो. असं झाड कितीही गोड फळ देत असो, त्याची फांदी घेऊ नका.

कापताना घाई नको. बॉलखाली फांदी आधी निम्मी कापा, आठवड्याने पूर्ण. दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा, बारीक फळं असतील तर तीही. मॉस झटकायचं नाही, गोळा जसाच्या तसा ६ ते ८ इंची कुंडीत ठेवायचा. माती, शेणखत आणि जाड वाळू समभाग. भाजी लावलेल्या जागेची माती नको, अंजिराला सूत्रकृमी (मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म कृमी) लवकर धरतात आणि मॉसमधली स्वच्छ मुळं पहिल्याच महिन्यात गाठाळतात. दोन-तीन आठवडे शेडनेटखाली ठेवा, नवं पान पूर्ण उलगडलं की सकाळच्या उन्हात सरकवा.