कॉइलओव्हरच्या स्प्रिंगा: कुर्ल्याचं गॅरेज, ५ पैकी ४ स्टार

माझ्या पोलो गाडीला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग-शॉक अब्सॉर्बरचं सस्पेन्शन) बसवायचे होते, तर या लोकांनी आधी विचारलं की गाडी रोज कुठे फिरते, मला तिथेच बरं वाटलं कारण बाकीचे थेट किटचा डबा पुढे करतात. किटमध्ये पुढच्या स्प्रिंगा ८ किलोच्या, म्हणजे १ मिमी दाबायला ८ किलो वजन लागणार, आता जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पेव्हर ब्लॉकवर हे म्हणजे कंबरेचा खुळखुळाच. त्यांनी ५ च्या घातल्या आणि डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) त्या रेटला, म्हणजे स्प्रिंगच्या कडकपणाला, चालतील ना तेही बघितलं.

मागच्या स्प्रिंगांचं गणित तर बिलाच्याच पाठीवर मांडून दाखवलं. पोलोला मागे स्प्रिंग चाकापासून आत, मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमवर बसते, त्यामुळे मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते) ०.८ धरला तर त्याचा वर्ग ०.६४, म्हणजे ५ ची स्प्रिंग चाकाला ३.२ चीच लागते, म्हणून पुढचा-मागचा आकडा नुसता शेजारी ठेवून बघू नका. आणि प्रीलोड (गाडीचं वजन यायच्या आधीच स्प्रिंगला दिलेला दाब) पिळला की स्प्रिंग कडक होते हे साफ खोटं हां, लिनियर (कितीही दाबली तरी प्रत्येक मिमीला सारखंच वजन घेणाऱ्या) स्प्रिंगचा रेट तोच राहतो.

ईस्टर्न फ्रीवेवर गाडी मस्त चिकटून जाते, खड्ड्यात धक्का कळतो पण खाली आपटत नाही. मजुरी जरा जास्तच घेतात, घासाघीस करा.