वॉटरफर्डच्या हर्लिंगचा ऑनलाइन पास: फायनलसाठी घेऊ नका

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा एका माणसाचा दांडा मोडला म्हणून दिलाय, ते पुढं येईल.

मी जुळे सोलापुरात राहते, कडक भाकरी करून विकते. लेक आयर्लंडला वॉटरफर्डच्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या वॉर्डातले निम्मे लोक हर्लिंग हा दांडा-चेंडूचा आयरिश खेळ खेळतात आणि उरलेले निम्मे खेळणाऱ्यांचे कुणीतरी लागतात. तिथल्या क्लबांच्या मॅच थेट दाखवणारा एक पास मिळतो, आख्ख्या हंगामाचा किंवा एकेका मॅचचा. दाखवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माझे पैसे अजून परत यायचेत.

पैशांचंच आधी सांगते. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते चालू केले. ओटीपी आला, टाकला, चक्र गोल गोल फिरत बसलं. पैसे कापल्याचा मेसेज आला, पास काही आला नाही. मेल केला तर दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘तुमची तक्रार नोंदवली आहे.’ ती अजून नोंदवलेलीच आहे. शेवटी लेकीनं तिकडून हंगामाचा पास काढून दिला. एकेक मॅच घेतली तर दहा युरो, म्हणजे हजाराच्या आसपास. हजार रुपये म्हणजे माझ्या शंभर भाकऱ्या. पीठ मळा, पातळ थापा, भाजा, परत मंद आचेवर वाळवा, तेव्हा कुठं एक होते. त्यामुळं मी हिशेबानंच बघायला बसते.

हा खेळ हॉकीसारखा असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. एका बाजूला 15 जण. हातात रुंद तोंडाचा लाकडी दांडा, चेंडू कातड्याचा, शिवणीच्या उंच कडा असलेला. हॉकीत दांडा धोका होईल असा उंच फिरवला की शिट्टी वाजते, इथं चेंडू डोक्यावरून येतो आणि दोघंतिघं एकदमच दांडे वर घालतात. चेंडू हवेत झेलता येतो, पण जमिनीवरून थेट हातानं उचलायचा नाही, दांड्यानं किंवा पायानंच वर काढायचा. हातात धरून चार पावलं चालतात, त्याहून लांब जायचं तर चेंडू दांड्याच्या टोकावर तोलत पळायचं. लिंबू-चमचा आठवा, फक्त मागून चौघं दांडे घेऊन लागलेत असं. डोक्याला हेल्मेट 2010 पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. त्याआधी कसे खेळत असतील, देव जाणे.

गोलचे खांब उंच. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे 3. दांडीच्या वरून गेला तर 1. पडद्यावर कोपऱ्यात 2-17 असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते वाचायला मला तीन मॅच लागल्या. दोन गोलचे सहा आणि सतरा, मिळून तेवीस. हे एकदा डोक्यात बसलं की लेकीनं पाठवलेलं 2022 चं ऑल-आयर्लंड क्लब फायनलचं रेकॉर्डिंग बघा. वॉटरफर्डचा बॅलिगनर विरुद्ध किलकेनीचा बॅलिहेल शॅमरॉक्स. बॅलिहेल म्हणजे या स्पर्धेतलं सगळ्यात मोठं घराणं, आधीचे दोन्ही किताब त्यांचेच. वेळ संपून वरची मिनिटं चालू होती, बॅलिहेल पुढं. तेवढ्यात बदली म्हणून आलेल्या हॅरी रडलनं चेंडू जाळ्यात घातला. 2-17 विरुद्ध 1-19. करा हिशेब. एकाचा फरक! वॉटरफर्डच्या एकाही क्लबला त्याआधी हा किताब मिळाला नव्हता.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जिल्ह्याच्या क्लबांची स्पर्धा आधी होते, ती जिंकणारा प्रांतात जातो, तिथून पुढं देशात. या क्लबांना आयपीएलचा वारा लागलेला नाही. ज्या गावात, ज्या चर्चच्या हद्दीत तुम्ही वाढलात, त्याच क्लबकडून खेळायचं. बाहेरून माणूस विकत आणायची सोय नाही, आणि खेळायचे पैसे कुणालाच नाहीत, अगदी काउंटीच्या संघातल्या नावाजलेल्यांनासुद्धा नाहीत. आमच्याकडं सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलायला कुणी भाड्यानं माणूस आणत नाही, मानकऱ्यांचा मान असतो आणि पोरं महिनाभर आधीपासून सराव करतात. मला तो खेळ तिथून कळला.

पूर्वी या क्लबवाल्यांचे फार हाल व्हायचे म्हणे. काउंटीच्या मोठ्या संघाच्या मॅच उन्हाळाभर चालायच्या आणि क्लबच्या पोरांना आपली मॅच कधी तेच माहीत नसायचं. 2022 पासून वर्षाचे दोन भाग केले, जुलैपर्यंत काउंटी, नंतर क्लब. म्हणून पास घ्यायचा तर जुलैच्या शेवटी घ्या. मी मे महिन्यात घेऊन बसले आणि दोन महिने लॉगिन करून रिकामं पान बघितलं.

आता मुद्द्याचं. फायनलसाठी हा पास घेऊ नका. वॉटरफर्डची सीनियर स्पर्धा बॅलिगनरनं 2014 पासून 2024 पर्यंत सलग 11 वेळा जिंकली आहे. पूर्वी माउंट सायन या शहरातल्या क्लबचं राज्य होतं, त्यांचे एकूण 35 किताब आहेत. बॅलिगनरचा खेळ सुंदर आहे, यात वाद नाही. त्यांचा डेसी हचिन्सन पोरवयात इंग्लंडला ब्रायटनच्या फुटबॉल क्लबात होता, परत येऊन पुन्हा हर्लिंगचा दांडा हातात घेतला. तो वळतो तेव्हा राखणाऱ्याचा पाय अजून जुन्याच दिशेला असतो. आमच्या खो-खोत पोलला हात लावून अंग फिरवणारी एक मुलगी होती, अगदी तसं. पण कोण जिंकणार हे जर माहीतच असेल तर हजार रुपये कशाला घालायचे? शेंगा चटणी घ्या दोन किलो.

पैसे वसूल होतात ते खालच्या गटांत. सीनियर, इंटरमिजिएट, ज्युनियर असे गट आहेत. ज्युनियर म्हणजे लहान पोरं नव्हेत, चाळिशीला टेकलेला बापई ज्युनियर खेळतो. या मॅचला कॅमेरा एकच. मचाणावर उभा राहून कुणीतरी फिरवतो आणि चेंडू त्याच्याहून जोरात जातो. गोलकीपरनं चेंडू लांब मारला की कॅमेरा आधी आभाळ दाखवतो, मग झाडं, मग मोटारी लावलेल्या जागेतली एक पांढरी गाडी, आणि तोपर्यंत पंच पांढरं निशाण हलवत असतो. पांढरं म्हणजे 1, हिरवं म्हणजे गोल. मी चेंडू शोधायचं सोडून दिलं, निशाणंच बघते. चेंडू 2020 पासून पिवळा केला म्हणून जरा तरी दिसतो. एका मॅचला भिंगावर पावसाचा थेंब बसला तो आख्खा दुसरा हाफ तसाच. गोलच्या उजव्या खांबाजवळ जे काही झालं ते मी थेंबातूनच बघितलं. स्कोअर तर दहा-दहा मिनिटं जुना असतो.

बोलणारे मात्र गावचेच दोघं. इंग्रजी असूनही मला चारातलं एक वाक्य कळतं. कुणी चेंडू बाहेर मारला की दोघंही गप्प होतात, बहुतेक त्याची आई खालीच बसलेली असावी.

दांडा मोडलेल्या त्या पोर्टरची मॅच अशीच एका शनिवारी होती, तिकडचे दुपारचे तीन, आपले साडेसात. लेकीच्या वॉर्डात ट्रॉल्या ढकलणारा, अडतीस वर्षांचा, इंटरमिजिएट गटात मागच्या कोपऱ्यात राखायला उभा. जो हरेल तो खालच्या गटात जाणार अशी मॅच. मी पीठ मळून ठेवलं होतं, मोबाइल डब्याला टेकवला होता. दुसऱ्या हाफात समोरचा गडी चेंडू उचलायला वाकला आणि यानं दांडा मध्ये घातला. आवाज फोनच्या स्पीकरमधूनसुद्धा आला, वाळलं लाकूड गुडघ्यावर मोडतो तसा. हातात नुसती मूठ राहिली. चेंडू तिथंच पायात. यानं मूठ फेकून दिली नाही, ती तशीच धरून पायानं चेंडू बाजूला ढकलला, अंगानं समोरच्याला अडवलं, परत ढकलला, आणि कडेच्या रेषेपाशी आला. तिथून दहा-बारा वर्षांच्या पोरानं नवा दांडा आत फेकला. लेक म्हणाली तो त्याचाच पोरगा. यानं तो न बघता झेलला. कॅमेरावाल्यानं पहिल्यांदाच चेंडू सोडून माणूस धरला होता आणि तेवढंच त्याच्या हातून चांगलं झालं.

एका गुणानं हरले. सोमवारी लेकीचा मेसेज, ‘आई, त्याचं बोट वांग्यासारखं सुजलंय, तरी ट्रॉल्या ओढतोय.’

दिवाळीला लेक आली तेव्हा एक जुना दांडा घेऊन आली. आमचे हे यंत्रमागावर तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. धोट्याला ठोकर देणारे लाकडी दांडे त्यांनी शेकड्यानं बदललेत. त्यांनी तो हातात घेतला, वजन केलं, उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, ‘हे बघ, रेषा वाकल्यात.’ खरंच, लाकडाच्या रेषा दांड्यातून सरळ खाली येतात आणि रुंद तोंडापाशी तोंडासारख्याच वळतात. अॅश नावाच्या झाडाच्या बुंध्याचा, मुळाकडं पसरत जाणारा भागच यासाठी वापरतात. सरळ फळीतून कापला तर वळणावरच मोडेल, असं ह्यांचं म्हणणं. तोंडाला लोखंडी पट्टी मारलेली. त्या तोंडाला आयरिशमध्ये ‘बॉस’ म्हणतात, हे ऐकून हे दिवसभर हसत होते. त्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, 2012 मध्ये आयर्लंडात पहिल्यांदा सापडला, आता बांबूचे आणि प्लास्टिकचेही दांडे निघालेत म्हणे. शेजारच्या काकूंनी तो गच्चीवर बघितला आणि विचारलं, ‘काय अक्का, नवं धोपाटणं का?’ मी हो म्हणाले. कोण सांगत बसणार!

एक राग आहे आणि त्यासाठी मी एक तारा कापलाय. बायकांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात, त्यांची संघटना वेगळी, 1904 ची. माझ्या पासात कॅमोगीच्या चारच मॅच होत्या, त्यातली एक मध्येच बंद पडली. पोरींना परवापरवापर्यंत स्कर्टच्या जातीचं काहीतरी घालूनच खेळावं लागायचं. 2025 च्या मे महिन्यात डब्लिन आणि किलकेनीच्या पोरी शॉर्ट्स घालून मैदानात आल्या, त्यांना सांगितलं बदला, नाहीतर मॅच होणार नाही. बदलल्या. पण त्याच महिन्यात संघटनेनं मत घेतलं आणि शॉर्ट्सना परवानगी दिली. मी 1988 साली पार्क मैदानावर शाळेकडून खो-खो खेळले ती पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला गुंडाळून. सूर मारला तर सलवार गुडघ्यावर फाटली, आणि आउट केल्याचं कौतुक राहिलं बाजूला, घरी सलवारीवरूनच बोलणी बसली. या चार मॅचच्या जागी चाळीस दाखवा, पाचवा तारा देते.

घड्याळाचं लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं घेतात. तोवर आपण साडेचार तास पुढं, नंतर साडेपाच. पासाच्या पानावर वेळ तिकडचीच लिहिलेली असते, आपली दाखवत नाही. मी नोव्हेंबरात एक तास आधी बसून ‘लवकरच सुरू होईल’ ही पाटी बघितली, आणि सुरू झाली तेव्हा आमच्याकडं लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर जोडून घ्या, पंखा नसला तरी चालेल.

हंगामाचा पास परत घेणार नाही. एकेकच मॅच घेईन, ज्युनियरची. पोर्टर हरल्यावर लेकीला म्हणाला होता, आता बास, पाठ साथ देत नाही. जानेवारीत त्यानं दोन नवे दांडे घेतले, एक स्वतःला, एक कडेला उभ्या राहणाऱ्या पोराच्या हातात द्यायला. लेकीनं फोटो पाठवलाय. पट्टी अजून मारायची आहे.